ताशी साडेसात लिटर

बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या अंगात दोन खोडी कायमच्या मुरतात. संध्याकाळी बेरीज जुळल्याशिवाय त्याला घर आठवत नाही, आणि ती जुळली नाही की तो आधी समोरच्या माणसाकडे पाहतो, मग स्वतःच्या आकड्यांकडे. निवृत्त होताना या दोन्ही खोडी मी खुर्चीबरोबर तिथेच ठेवून यायला हव्या होत्या. त्या मी पुण्याला घरी आणल्या आणि २०१८ च्या उन्हाळ्यात तिथून आमच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यात घेऊन गेलो. तिथे त्यांनी काय केले, त्याची ही हकिकत.

आमचे गाव दारव्ह्याहून दिग्रसकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. लहानपणी आम्ही दारव्ह्याला उतरत असू ते शकुंतला गाडीतून. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणाऱ्या त्या चिमुकल्या गाडीला १९९४ पर्यंत वाफेचे एंजिन होते. मग डिझेलचे आले, आणि आता तर ती गाडीच बंद पडली आहे. चढावर एंजिन धापा टाकू लागले की डब्यातला एखादा म्हातारा तंबाखू मळता मळता म्हणे, "दम सोडून रायली बाप्पा!" आणि सारा डबा आपणच खाली उतरून ढकलणार असल्यासारखा श्वास रोखून बसे. यंत्राच्या दुखण्याविषयीचे माझे ज्ञान पुढची पन्नास वर्षे या एका वाक्यावर थांबलेले होते.

माझा धाकटा भाऊ गावीच राहिला. २०१६ साली त्याने काही शेत गहाण टाकून एक जुना जेसीबी घेतला. शहरातल्या मंडळींनी हे पिवळे धूड रस्ते खोदताना पाहिलेले असतेच. पुढे भलेमोठे फावडे आणि मागे कोपरात वाकणारा खोदणारा हात. खरे म्हणजे जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅम्फर्ड या इंग्रज गृहस्थाची आद्याक्षरे. १९४५ साली त्याने एका लहानशा गॅरेजात ट्रॉली बनवायला सुरुवात केली, १९५३ साली मागे हात लावलेले यंत्र काढले, आणि १९७९ साली दिल्लीजवळच्या बल्लभगडला त्याच्या नावाचा कारखाना भारतात आला. आता यंत्र कुणाच्याही कारखान्यातले असो, खेड्यात त्याला जेसीबीच म्हणतात; वनस्पती तुपाचा जसा डालडा झाला तसेच हे. भावाचे यंत्र कोणत्या कारखान्याचे होते ते मी सांगत नाही. त्या बिचाऱ्यांचा या प्रकरणात काहीच दोष नव्हता.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आमच्या भागातला कापूस खाल्ला. त्या वर्षी घरात पैसा आला तो या यंत्राच्या तासांवर. दर महिन्याच्या दहा तारखेला हप्ता असे. आणि नेमक्या मे महिन्यात पांदणीच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून भावाच्या मांडीचे हाड मोडले. तो दवाखान्यात, भावजय घर आणि दवाखाना यांच्यामध्ये, आणि गावच्या नाल्याच्या खोलीकरणाचे काम अर्ध्यावर. तो उन्हाळाही साधा नव्हता. यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय तळाला गेले होते आणि शहरात नळाची वाट पाहत लोकांचे दिवसच्या दिवस जात होते. अशा वर्षी मृगाच्या आत नाला खोल झाला तर त्यात पाणी थांबणार, आजूबाजूच्या विहिरींना पाझर फुटणार. नाही झाला तर वर्ष गेले. काम पुरे करून दिले तरच पैसे, असाही ठराव होता. भावाने फोन केला, "दादा, तू नुसता हिशेबाले बस. गाडी पोरगा पाहते."

मी हिशेबाला बसलो.

पोरगा म्हणजे यंत्र चालवणारा ऑपरेटर. वय तेवीस, जवळच्या तांड्यावरचा. दोन वर्षे भावाकडे होता. त्याचा हात असा बसलेला, की दुपारच्या सुटीत तो बकेटच्या दाताने कडब्याची पेंडी अलगद उचलून बैलापुढे ठेवी आणि बैल मानही वर करीत नसे. मला तो काकाजी म्हणे. बोलणे कमी.

भावाची डायरी मी पहिल्याच दिवशी मागवून घेतली. या यंत्रावर तासांचे एक घड्याळ असते. एंजिन चालेल तेवढेच ते पुढे सरकते. एकीकडे तास, दुसरीकडे डिझेल, एवढीच नोंद. मार्चपर्यंत भावाच्या वाकड्यातिकड्या आकड्यांत ताशी साडेपाच लिटरचा हिशेब येत होता. मी आल्यानंतरच्या आठवड्यात तो साडेसात आला. मी पुन्हा मांडला. पुन्हा साडेसात. दिवसाला दहा तास काम, म्हणजे वीस लिटर जास्त. तेव्हा डिझेलने सत्तरी ओलांडली होती; म्हणजे दिवसाला चौदाशे रुपये कुठेतरी जात होते.

मी पोराला विचारले. तो म्हणाला, "मुरूम लय कडक लागला काकाजी. अन् एअर फिल्टर चोकअप झाला. धूर पाहा न, कसा काया फेकते."

धूर काळा होता खरा. पण मी आजवर पाहिलेल्या सगळ्याच ट्रकांचा धूर काळा होता. फिल्टरचे अडीच-तीन हजार सांगितल्यावर मी मनात म्हटले, वा, डिझेलही न्यायचे आणि वर खर्चही सुचवायचा! संध्याकाळी पारावर हा विषय निघाला. कुणी काही उघड बोलले नाही. एकाने फक्त विचारले, "पोरगा तांड्यावरचा न?" आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या मानांमध्ये माझीही एक होती, हे इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी यवतमाळला गेलो आणि सुट्या भागांच्या दुकानातून टाकीसाठी कुलपाचे झाकण आणले. होते ते ट्रकचे, पण दुकानदार म्हणाला, "बसते." बसलेही. मात्र जरा सैल वाटले, म्हणून मी सायकलच्या ट्यूबमधून एक वर्तुळ कापून आत घातले. आता ते असे घट्ट बसले, की बँकेच्या तिजोरीची आठवण व्हावी. हा समारंभ सोमवारी संध्याकाळी पोराच्या देखत झाला. चावी मी माझ्या जुडग्यात अडकवली. पोराने जुने झाकण फडक्याने पुसले, हत्यारांच्या पेटीत ठेवले आणि तो काही न बोलता घरी गेला.

मंगळवारी दहाच्या सुमारास नाल्यावरून निरोप आला, की गाडी दम सोडते आहे.

हे दुखणे चमत्कारिक होते. यंत्र नुसते उभे असले की एंजिन गुण्यागोविंदाने चाले. बकेट मातीत शिरली की मात्र आवाज खाली बसे. हात अर्ध्यावर थांबे, एंजिन गळा दाटल्यासारखे गुरगुरे आणि पोराने मागे घेतले की पुन्हा सावरे. थोड्या वेळाने तेवढेही सावरेनासे होई. मी किल्ली घेऊन गेलो, झाकण उघडले, डिझेल ओतले. गाडी ताळ्यावर आली. मी तासभर उभा राहून पाहिले. एकदाही कुरकुर नाही. मी जेवायला घरी गेलो, आणि दीड तासाने पुन्हा निरोप.

असे बुधवारी झाले, गुरुवारी झाले. मी जवळ गेलो की नीट चालते आणि पाठ फिरवली की बसते! याचा अर्थ काय, हे सांगायला मला कुणा मेकॅनिकची गरज वाटली नाही. कुलूप झोंबले होते आणि पोरगा मुद्दाम काम बिघडवीत होता. बँकेत असताना एका रोखपालाची काउंटरवर मी आलो की हात भरभर चालण्याची सवय मला माहीत होती. तोच प्रकार.

तरीही रीत म्हणून मेकॅनिक आणला. तो तरुण होता, चटपटीत होता. त्याने डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले, पाणी साठण्याची काचेची वाटी धुतली आणि नळ्यांतली हवा काढली. हे मात्र माझ्या ओळखीचे होते. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर वडिलांनी ऑइल एंजिन बसवले होते. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्करांचा एंजिनांचा कारखाना निघाला आणि पुढच्या काळात महाराष्ट्रातल्या विहिरींवर त्यांची टुकटुक ऐकू येऊ लागली, ती आमच्यापर्यंतही पोचली. डिझेल संपून एंजिन बंद पडले की वडील पान्याने एक नट सैल करीत. आधी फेस येई, मग फसफस, मग बुडबुड्याशिवाय स्वच्छ धार. धार आली की नट आवळायचा.

डिझेल एंजिनाची गंमतच ही आहे. पेट्रोलच्या एंजिनासारखी यात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की ती रसरशीत तापते. आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा सोडायचा. तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९० नंतरच्या दशकात हे जमवून दाखवले. १९१३ साली आगबोटीतून इंग्लंडला जाताना तो रात्रीतून नाहीसा झाला, आणि त्याचे काय झाले याचा वाद अजून मिटलेला नाही. फवारा मारण्यासाठी छोटा, अचूक पंप लागतो. तो रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बनवला आणि मग कुठे हे एंजिन मोटारींत आणि शेतांत आले. त्या पंपातली दांडी आणि तिचे घर यांच्यामध्ये केसाच्याही कितीतरी पट कमी जागा असते. म्हणून धूळ आणि पाणी हे त्याचे वैरी, आणि नळीत शिरलेली हवा तिसरी. कारण हवा दाबली की आकसते, आणि फवारा मारायचा दाबच तयार होत नाही.

फिल्टर बदलल्यावर गाडी छान चालली. दीड तास. मग पुन्हा तेच. चटपटीत मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी डोके खाजवले आणि निदान दिले, "पंप गेला, साहेब." पंप काढून शहरात पाठवायचा, तिथे तो उघडून मापात बसवून द्यायचे. खर्च पंचेचाळीस हजार, वेळ आठ-दहा दिवस. दहा तारखेचा हप्ता पंधरवड्यावर होता आणि आकाशात दुपारचे ढग दिसू लागले होते.

शनिवारी संध्याकाळी मी पोराचा हिशेब केला आणि त्याला सांगितले, की सोमवारपासून येऊ नकोस. पुसदकडचा एक ऑपरेटर ठरवला होता. पोराने पैसे मोजले नाहीत, तसेच खिशात घातले. जाताना म्हणाला, "काकाजी, पंप नका उघडू. पंप चांगला हाय." मी उत्तर दिले नाही.

रात्री भावजय दवाखान्यातून परतली. मी सगळे सांगितले. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "दादा, पंचेचाळीस हजार देण्याआंधी दिग्रसच्या मिस्त्रीले तरी दाखवा. मामंजींचं एंजिन तेच पाहत." मामंजी म्हणजे आमचे वडील, ते जाऊन एक तप झाले होते. हे मिस्त्री अजून आहेत हेच मला ठाऊक नव्हते.

मिस्त्री रविवारी सकाळी लुनावरून आले. सत्तरीचे असावेत. बरोबर एक प्लॅस्टिकचा कॅन, हातभर पारदर्शक नळी आणि पान्यांची चामड्याची पिशवी. आल्या आल्या त्यांनी यंत्राकडे पाहिलेही नाही. विचारले, "चालवते कोण?"

मी म्हटले, "त्याला काढले."

"मग त्याले बोलवा," ते म्हणाले आणि लिंबाखाली बसून राहिले. चहा झाला, पान झाले, मी पंपाचा विषय काढून पाहिला; ते नुसते "हो जी, हो जी" म्हणत राहिले. शेवटी मला माणूस पाठवावा लागला. पोरगा आला तो लांब उभा राहिला.

मिस्त्रींनी त्याला जे प्रश्न विचारले ते मी आठवडाभरात विचारले नव्हते. चालू करताना त्रास आहे का? नाही. थंड असताना बसते की गरम झाल्यावर? दीड-एक तासाने. एकदम बसते की हळूहळू? हळूहळू. बसते तेव्हा धूर कोणत्या रंगाचा? यावर पोरगा पटकन म्हणाला, "धूरच राहत नाही. आंधी काया असते, बसते तवा धूर गायब."

मिस्त्री पहिल्यांदा हसले. मग माझ्याकडे वळून त्यांनी समजावले ते साधारण असे: काळा धूर म्हणजे डिझेल पोटभर आणि हवा उपाशी. पांढरा म्हणजे डिझेल आले पण पेटले नाही. आणि जोर लावताना धूरच नाही, याचा अर्थ वरून डिझेलच येत नाही. तेव्हा आता फक्त शोधायचे, की टाकीपासून पंपापर्यंतच्या रस्त्यावर ते कुठे अडते.

"कधीपासून होऊन रायलं?"

"मंगयवारपासून."

"सोमवारी काय केलं होतं गाडीले?"

पोराने माझ्याकडे पाहिले. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, "काही नाही."

मीही गप्प राहिलो. लपवायचे म्हणून नव्हे. सोमवारी मी यंत्राला काही केले होते, हे माझ्या खरोखरच डोक्यात नव्हते. मी जे केले होते ते पोराला केले होते.

मिस्त्रींनी टाकीकडून येणारी नळी सोडवली आणि मध्ये आपली पारदर्शक नळी जोडली. टाकीकडच्या नळीला बारीक चीर असली तर तिच्यातून डिझेल गळत नाही, कारण पंप ते आत ओढत असतो. उलट चिरेतून हवा आत शिरते. बाहेर सगळे कोरडे ठणठणीत आणि आत बुडबुडे. एंजिन चालू केले. नळीतून डिझेल चहासारखे सरकताना दिसत होते. बुडबुडा नव्हता. "चीर नाही," मिस्त्री म्हणाले. एक संशयित सुटला.

मग त्यांनी कॅनमध्ये पाच लिटर स्वच्छ डिझेल भरून तो टाकीपेक्षा उंच, केबिनच्या दांडीला बांधला आणि टाकी बाजूला ठेवून यंत्राला त्या कॅनमधूनच पाजायला सुरुवात केली. पोराला म्हणाले, "चाल. दया नको करू तिच्यावर."

पोरगा बसला. नाल्याच्या त्या कडक मुरमात, जिथे चार दिवस यंत्र रडत होते, तिथे बकेट पुरणपोळीत बोट घालावे तशी जाऊ लागली. पाऊण तास झाला, कॅन दोनदा भरला, दीड तास झाला, दोन तास झाले. आवाज तसूभर खाली आला नाही. मी घड्याळ पाहत होतो आणि मला बरे वाटण्याऐवजी कसेसेच वाटू लागले होते. पोरगा तोच. हात तोच. मग मुद्दाम बिघडवीत होता म्हणावे, तर आत्ता का नाही?

"आता पाहा भाऊ," मिस्त्री म्हणाले, "पंप चांगला, नोझल चांगले, फिल्टर तर कोरे करकरीत. हे सगळे कॅनच्या पुढचे. दुखणं कॅनच्या मागं हाय." त्यांनी पंचेचाळीस हजारांचा आकडा असा बोटाने पुसून टाकला. पोराचा पंपाविषयीचा शब्द मला आठवला.

नळी पुन्हा टाकीला जोडली. आता वाट पाहायची होती. मिस्त्रींनी सांगितले, की डिझेल ओतू नका, काही उघडू नका, चालू द्या. सव्वा तास झाला असेल. आवाज घोगरा झाला, बकेट मातीत अडकली, धूर नाहीसा झाला. पारदर्शक नळीतली धार बारीक झालेली सगळ्यांनी पाहिली. मिस्त्री टाकीला कान लावून उभे राहिले, मग माझ्यापुढे हात केला. "चावी."

मी स्वतःच गेलो. कुलूप फिरवले, झाकण सैल केले, आणि टाकीने 'सुऽऽस्' करून लांब श्वास आत घेतला. तो आवाज मी आठवडाभर रोज ऐकत होतो! उन्हाने टाकी तापते, वाफ बाहेर येते, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. पण वाफ बाहेर येत नव्हती, हवा आत जात होती. आणि त्याच क्षणी मागे एंजिनाचा आवाज मोकळा झाला. पोराने दांडा ओढला, अडकलेली बकेट भरून वर आली.

कुणी बोलेना. मिस्त्रींनी झाकण हातात घेऊन उलटेपालटे केले, माझे ट्यूबचे वर्तुळ नखाने उचकटून काढले. भावजय शिदोरी घेऊन आली होती, ती लांबून पाहत होती. तिने विचारले, "तेलाच्या डब्याले दोन भोकं पाडतो न आपण, तसंच का हो मिस्त्री?"

"तसंच बाई."

पंधरा किलोचा तेलाचा डबा फोडताना एका कोपऱ्यात भोक पाडले तर तेल गचके खात येते. समोरच्या कोपऱ्यात दुसरे पाडले की सरळ धार लागते, हे माझ्या आईने मला सातव्या वर्षी शिकवले होते. दवाखान्यात काचेच्या सलाईनच्या बाटलीत हवेसाठी दुसरी सुई खुपसलेली मी कितीदा पाहिली आहे. टाकीतून जेवढे डिझेल जाते तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर आत पोकळी तयार होते आणि पंप ओढून ओढून थकतो. यंत्राच्या मूळच्या झाकणात यासाठी बारीक वाट असते. माझ्या कुलपाच्या झाकणात ती नव्हती, आणि असलीनसली तरी मी रबराने बुजवली होती. मी डिझेल ओतायला झाकण उघडले की टाकी हवा भरून घेई आणि दीड तास गाडी चाले. म्हणूनच ती माझ्या उपस्थितीत शहाण्यासारखी वागत असे.

मिस्त्रींचे काम संपले नव्हते. "काया धूर म्हणे न हा," असे पुटपुटत त्यांनी एअर फिल्टर उघडला आणि जमिनीवर आपटला. नाल्याची पिवळट धूळ ओंजळभर पडली, पुन्हा आपटला, पुन्हा ओंजळभर. एंजिनाला हवा मिळत नव्हती, मग डिझेल नीट जळत नव्हते, जोर मिळत नव्हता म्हणून पोरगा जास्त दाबत होता. मी माझी डायरी आणून दाखवली. साडेपाच, साडेसात. त्यांनी चष्मा वर करून वाचले आणि डायरी मिटून माझ्या हातात दिली.

"चोरी नाही झाली भाऊ. धुरात गेलं."

पोरगा ऐकत होता.

मिस्त्रींनी पाचशे रुपये घेतले आणि भावजयीने बांधून दिलेली शिदोरी घेतली. ते गेल्यावर मी पोराजवळ गेलो. काय बोलावे याची जुळवाजुळव मी नाल्याच्या काठाने येताना केली होती. ऐन वेळी तोंडातून निघाले ते एवढेच, की उद्यापासून ये. तो "येतो" म्हणाला. हत्यारांची पेटी उघडून त्याने जुने झाकण काढले आणि टाकीला लावले. मी कुलपाच्या झाकणाची चावी जुडग्यातून सोडवून त्याच्यापुढे धरली. आता तिचा उपयोग नव्हता, तरी धरली.

"तुमच्यापाशीच ठेवा काकाजी," तो म्हणाला. "उद्या पुन्हा कमी भरलं तर?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

सोमवारी नवा एअर फिल्टर आला. पुसदच्या ऑपरेटरला मी फोनवरून नाही म्हटले आणि त्याच्या चार शिव्या ऐकून घेतल्या. पुढचे दहा दिवस पोराने पहाटे पाचपासून काम केले. हिशेब ताशी पावणेसहावर आला; मी तो लिहीत होतो खरा, पण पुन्हा मांडून पाहत नव्हतो. पावसाच्या आधी चार दिवस नाला पुरा झाला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तो काठोकाठ भरला, आणि पारावर ज्यांनी माना हलवल्या होत्या ते सगळे छत्र्या घेऊन पाहायला आले. मीही गेलो. पोरगा आला नव्हता.

भाऊ कुबड्या घेऊन घरी आला तेव्हा सगळ्यांत आधी त्याने यंत्र पाहायचे म्हटले. अंगणात उभ्या असलेल्या त्या पिवळ्या धुडाभोवती तो फिरला, टायर पाहिले, दात पाहिले, आणि खिडकीच्या कोनाड्यात पडलेले ते पितळी कुलपाचे झाकण त्याच्या नजरेला पडले.

"हे काय? हे कुणी आणलं?"

पोरगा ओसरीवर चहा पीत बसला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावजय म्हणाली, "दादांनी आणलं होतं. टाकीत धूळ जात होती म्हणून."

भावाने झाकण हातात घेतले, आतल्या बाजूने पाहिले. "याले तर हवेची वाटच नाही," तो म्हणाला. मग पोराला विचारले, "काहून रे, तुले दिसलं नाही? सांगाचं नाही काकाजीले?"

पोराने कप खाली ठेवला. "ध्यानात नाही आलं," तो म्हणाला आणि उठून गाडीला पाणी मारायला गेला.